सदनिका क्रमांक ३१ 'सक्रिय' दिसत असल्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
क्लारविक सिस्टीम्स,
सुंड्सवाल.

अर्जदार : सिक्स्टेन हालवर्सन, सदनिका क्र. १४, बर्गाकर गृहसंस्था, सुंड्सवाल.

विषय : पोर्टलवर 'सक्रिय' दिसणे म्हणजे माणूस घरात हिंडताफिरता असणे नव्हे, असे एका ओळीत लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्रक 'तुमच्या पोर्टलवर नवे काय?'
२) आपल्या मदतकक्षाशी माझे दूरध्वनीवरील बोलणे, गेला सोमवार.

महोदय,

१. मी कागद गिरणीतून निवृत्त झालेला इसम असून वरील पत्त्यावर एकटा राहतो. आमच्या इमारतीच्या तळघरातील सामाईक धुलाईघराच्या वेळा आपल्या पोर्टलवरून ठरतात. पोर्टल बंद पडते अशी माझी तक्रार नाही. ते चालते. मला अलीकडे कशाचेच फारसे काही वाटत नाही, तेव्हा पुढील मजकुरात कुठे आवाज चढलेला दिसल्यास तो कागदाचा समजावा.

२. पूर्वी धुलाईघराच्या दाराशी एक लाकडी फळा होता. प्रत्येक घराचे एक पितळी कुलूप असे आणि ज्या वाराच्या भोकात ते अडकवले ती वेळ त्या घराची. गुरुवारी दुपारी माझी पत्नी माय व मी धूत असू. आमच्या लगोलग, संध्याकाळी, तिसऱ्या मजल्यावरील सदनिका ३१ मधील श्रीमती गुनबोर्ग स्टेनक्विस्ट. प्रस्तुत अर्ज त्यांच्याविषयी आहे.

३. आमच्याकडे शेजारी तोंडाने भांडत नाहीत, चिठ्ठी लावतात, हे आपणांस ठाऊक असेलच. श्रीमती स्टेनक्विस्ट यांचे म्हणणे असे, की आम्ही ड्रायरच्या जाळीत साठलेला कपड्यांच्या तंतूंचा पुंजका काढत नाही. ते खरे होते. त्यांची एक चिठ्ठी नमुन्यादाखल : "१४ नंबरवाले, जाळीत पुन्हा अख्खं मांजर सोडून गेलात. घेऊन जा, नाहीतर मला त्याला दूध पाजावं लागेल." त्याखाली मायने लिहिले : "दूध नको, हेरिंग मासा चालेल. नाव ओस्सियन आहे." त्यावर पुढच्या गुरुवारी उत्तर आले : "चेष्टा पुरे झाली. जाळी साफ करा." जिन्यात भेट झाल्यास उभय पक्षी मान हलवली जाई, यापलीकडे बोलणे कधी झाले नाही.

४. माय दोन वर्षांपूर्वी वारली. त्यानंतर इमारतीतले सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. दालचिनीचे पाव आणून देत आणि दारातूनच परत जात. मी धुणे मात्र चुकवले नाही. एका गुरुवारी चिठ्ठी होती : "१४ नंबर, दुःख झालं म्हणून जाळी आपोआप साफ होत नाही." त्या दिवशी मला बरे वाटले. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. अर्ज पूर्ण असावा म्हणून येथे नमूद करतो.

५. गेल्या वसंतात आपल्या कंपनीने फळा काढून तेथे संगणकाचा पडदा बसवला आणि पत्रकानुसार पुढील सोयी दिल्या. पंचाहत्तरीपुढील रहिवाशांना 'कायमची वेळ', म्हणजे दर आठवड्याला तीच वेळ न मागता मिळेल. वेळ सोडत असल्याचे कळवले नाही, तर ती वापरली असे धरले जाईल. कागदी चिठ्ठ्यांना बंदी. त्याऐवजी शेजाऱ्यास हसरा किंवा रडका चेहरा पाठवता येईल, आणि कोणी काहीच न पाठवल्यास हसरा चेहरा पोर्टल स्वतः पाठवील. शिवाय 'ज्ञानकोपरा' असून त्यात उपयुक्त चित्रफिती आहेत. मी त्या सर्व पाहिल्या. जाळी कशी साफ करावी यावर एक आहे. चांगली आहे.

६. बंदी असूनही श्रीमती स्टेनक्विस्ट यांनी ऑगस्टमध्ये एक चिठ्ठी थेट आपल्या पडद्यावर चिकटवली : "हा डबा काय हसतोय माझ्याकडे बघून? जाळी बघा आधी. – ३१." त्यानंतर चिठ्ठी आली नाही.

७. माझे स्वयंपाकघर धुलाईघराच्या बरोबर वर आहे. खाली यंत्र फिरले की माझ्या कपाटातले कप किणकिणतात. ऑक्टोबरपासून गुरुवारी संध्याकाळी कप गप्प आहेत. पोर्टलवर मात्र दर गुरुवारी नोंद होते : 'सदनिका ३१ ने वेळ वापरली. धन्यवाद!' आणि त्यांच्या घराच्या क्रमांकापुढे 'सक्रिय' असा हिरवा ठिपका असतो.

८. खात्री करण्यासाठी मी जाळीत मुद्दाम पुंजका ठेवला. चांगला मोठा, मायची लोकरी शाल धुऊन. रात्री खाली जाऊन पाहिले तर जसाच्या तसा. यंत्र थंड, फरशी कोरडी. पुढच्या आठवड्यात त्याहून मोठा ठेवला. मला हसरा चेहरा आला. महिनाअखेरीस पोर्टलने मला 'महिन्याचा आदर्श शेजारी' ठरवून माझ्या नावाला पानांच्या माळेचे चित्र लावले. ते कसे काढायचे हे ज्ञानकोपऱ्यात सापडले नाही.

९. त्यानंतर मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. इतकी वर्षे येथे राहून तेथे जाण्याची ही पहिलीच वेळ. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकू लागलो तर ती अर्धीच गेली. आतल्या बाजूला काहीतरी दाटून बसले होते. मी हे संस्थेचे अध्यक्ष श्री. हेन्निंग ओबर्ग यांना सांगितले. त्यांच्याकडे किल्ली आहे. त्यांनी फोनवर पोर्टल उघडले व म्हणाले, "अहो सिक्स्टेन, जाहिरातींचे कागद असतील. हे बघा ना, बाई सक्रिय आहेत. कालच धुणं धुतलंय त्यांनी. धुणं धुणाऱ्या बाईचं दार मी कशाला उघडू?" मी कपांचे सांगितले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि झोप नीट लागते का, असे विचारले.

१०. मी पोलिसांना कळवले. पोलिसांनी अध्यक्षांना विचारले, अध्यक्षांनी पोर्टल दाखवले, आणि प्रकरण मिटले. सोमवारी मी आपल्या मदतकक्षास दूरध्वनी केला. कु. तिल्डा या फार गोड बोलल्या : "आजोबा, दुसऱ्यांची माहिती आम्हाला देता येत नाही हो. पण ठिपका हिरवा आहे ना, मग कशाला जिवाला घोर? तुम्हाला त्यांची आठवण येतेय का? त्यांना हसरा चेहरा पाठवा की!" मी पाठवला. लगेच त्यांचा हसरा चेहरा परत आला. तो पोर्टलने पाठवला होता. तरीही तो पाहिल्यावर त्या रात्री मी ताट वाढूनही जेवलो नाही. मायच्या अंत्यविधीच्या दिवशीही मी जेवलो होतो.

११. सबब विनंती अशी. पोर्टल दुरुस्त करावे असे माझे म्हणणे नाही. श्रीमती स्टेनक्विस्ट यांची कोणतीही माहिती मला नको. आपण केवळ एक ओळ लिहावी : 'सक्रिय या शब्दाचा अर्थ संबंधित व्यक्ती जिवंत आहे असा नाही.' खाली सही आणि कंपनीचा शिक्का. ती ओळ मी अध्यक्षांना दाखवीन आणि ते किल्ली आणतील. त्यांचे घोडे तेवढ्यावरच अडले आहे. उद्या गुरुवार आहे. संध्याकाळी पोर्टल पुन्हा त्यांच्या नावे धुणे धुईल, आणि त्या नोंदीमुळे दार आणखी एक आठवडा बंद राहील. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता स्वतः आणून देत आहे. ओळ मिळेपर्यंत मी आपल्या स्वागतकक्षात बसून राहीन. डबा बरोबर आणला आहे.

१२. आणखी एक. 'कायमची वेळ' मलाही लागू होती. आज सकाळी मी ती काढून टाकली. पोर्टलने 'नक्की ना?' असे पुन्हा पुन्हा विचारले. मी दर वेळी 'हो' दाबले. यापुढे दर गुरुवारी मी स्वतःच्या बोटाने वेळ घेईन. एखाद्या गुरुवारी माझी चौकट रिकामी दिसली, तर पोर्टलने ती कृपया भरू नये. कोणाला तरी किल्ली घेऊन वर पाठवावे.

आपल्या एका ओळीच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
सिक्स्टेन हालवर्सन
सुंड्सवाल, बुधवार, दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) जाळीतील पुंजके, दोन, लिफाफ्यात.
२) 'महिन्याचा आदर्श शेजारी' या सन्मानाची छापील प्रत. परत नको.
३) श्रीमती स्टेनक्विस्ट यांची ऑगस्टमधील चिठ्ठी, मूळ प्रत. वाचून लगेच परत द्यावी. माझ्याकडे दुसरी नाही.