गाडी बंद पडलेली नाही

बाबा,

आमटी गरम करून घ्या, पोळ्या डब्यात आहेत. पोलिसांनी गाडी सोडली म्हणून मी हिंजवडीच्या चौकीवर चालले आहे.

तुम्ही काल गाडी कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीच्या हेल्पलाइनला "गाडी बंद पडली" असं सांगितलंत. तो माणूस बॅटरीच्या वायरी घेऊन चौकीवर आला आणि गाडीकडे बघून परत गेला. हेल्पलाइनच्या योजनेत पंक्चर, बॅटरी, किरकोळ बिघाड एवढंच बसतं. अपघातातली गाडी उचलायला विमा कंपनीलाच सांगावं लागतं. आपल्या घरात दिवासुद्धा कधी "विझत" नाही, हे मला ठाऊक आहे. पण अशुभ शब्द न उच्चारण्याची आजीची शिस्त विमा कंपनीला कोण शिकवणार?

दुपारी त्यांचा फोन येईल. "अपघात झाला" असंच म्हणा. गाडी कोण चालवत होतं, हेही विचारतील. दादाबद्दल परवा दूधवाल्याला सांगितलंत तसं "ऋषी बाहेरगावी गेलाय" असं त्यांना सांगू नका.

आणि दादासाठी उघडी ठेवता ती कडी रात्री आतून लावत जा, बाबा. दादाकडची दाराची किल्ली पोलिसांनी माझ्याकडे दिली आहे.

निशा