ठेवीचं रोप

९ फेब्रुवारी, रविवार

स्मितहास्य! माझ्या जास्वंदीचं नाव काय ठेवलंय, तर स्मितहास्य!

लिहिल्याशिवाय आज घास घशाखाली उतरायचा नाही. सकाळी पुष्पप्रेमी मंडळाच्या बैठकीला गेले. टेबलावर बाटलीत एकच जास्वंद. कडा नारंगी, आत पिवळं, आणि मधोमध राखाडी-जांभळं वलय – असं वलय उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ताटलीएवढं फूल! जीव हरखला. मग शेजारचा पुठ्ठा वाचला. नाव स्मितहास्य, आणि निर्माते म्हणून आमचे दातांचे डॉक्टर. स्मितहास्य ही त्यांच्या दवाखान्यावरची पाटी आहे! उद्या फुलाच्या पोटात कवळीची जाहिरातही लावतील.

मी विचारलं, "डॉक्टर, हे मी तुमच्याकडे ठेवायला दिलेलं रोप ना?"

"हो, तेच की! काय फुललंय बघा!" लाज नाही, शरम नाही. वर मलाच पेढा खायला द्यावा तसं हसले.

१० फेब्रुवारी

डोकं जरा थाऱ्यावर आलंय. सगळं ओळीने मांडते, म्हणजे भांडताना गोंधळ व्हायला नको.

लेकीच्या बाळंतपणाला निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी पिवळ्या जास्वंदीच्या चार फुलांना पांढरीचे पराग लावले. नेहमीसारखे, ब्रशने. देठांना पांढरा दोरा बांधला. परत आले तर एक बोंड धरलेलं, पांढऱ्या दोऱ्यासकट. त्यातल्या बियांची तीन रोपं झाली. एक मेलं. एक मी ठेवलं. तिसरं मंडळाच्या रीतीप्रमाणे ठेवीला दिलं – म्हणजे आपल्याकडे कीड पडली, आपण आजारी पडलो, तर दुसऱ्याच्या घरी तरी वाण जगावं म्हणून. ठेवीचं रोप ज्याच्याकडे असेल त्याने पाणी घालायचं, फूल बघायचं, खूश व्हायचं. फूल मूळ मालकाचं. आजवर कोणी मोडली नव्हती ही रीत.

आता एका बोंडातल्या बिया म्हणजे सख्ख्या बहिणी खऱ्या, पण तोंडवळा एकीचा दुसरीला नाही. माझ्याकडचीला कसलं फूल आलं? मळकट पिवळं. आणि ती तिकडे दातवाल्याच्या गॅलरीत अशी फुलली. ठीक आहे, ते नशीब. पण म्हणून ती त्याची होते? पराग ज्याच्या हाताने लागला, फूल त्याचं! एवढी साधी गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "जाऊ दे गं."

जाऊ दे! तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी काय काय जाऊ दिलं त्याचं पुराण लिहायला बसले तर ही वही पुरायची नाही.

१३ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. म्हणाली, "आई, एक फूल आहे. संध्याकाळी मिटतं."

म्हणून तर! संध्याकाळी मिटतं म्हणूनच नाव राहायला हवं. मला ते अक्काचं हवं होतं. थोरली बहीण माझी. माझ्या हातात पहिली सुरी तिने दिली, पहिलं कलम तिने बांधायला शिकवलं, अंगठा कापला तेव्हा आधी फांदीला फडकं बांधलं आणि मग मला! ती गेल्यापासून मनात धरून आहे की एक खरोखर देखणं फूल काढायचं आणि त्याला अक्का म्हणायचं. आजवरची सगळी फुलं बरी होती. अक्काला बरी चालत नसत.

आणि आता जे आलं त्याचं नाव दवाखाना.

फोन ठेवल्यावर रडले. मग राग आला की त्या माणसापायी मी रडले.

१६ फेब्रुवारी

गच्चीत मिलीबगची पांढरी कीड. कुंड्या हलवताना पाठ धरली. हे जिन्यात उभे राहून म्हणतात, "मी उचलू का?"

"हात लावू नका!" – म्हणाले मी. किती वेळा सांगायचं? मी लेकीकडे असताना रोज मापाने पाणी घाला म्हणून सांगून गेले होते, तर परत येईपर्यंत दोन कलमं कुजवून ठेवली. तेव्हापासून गच्ची बंद ह्यांना. ती टाकीजवळची धुरकट रंगाची भिकार जास्वंद मी टाकायला काढली तर तीसुद्धा टाकू देत नाहीत. "राहू दे की, फुलते बिचारी." फुलते! फडक्यासारखी फुलते.

हे खाली गेले. मला थोडं वाईट वाटलं. पण कुंड्या मीच हलवल्या.

१९ फेब्रुवारी

दातवाले घरी आले! हातात स्मितहास्यचं कलम – म्हणे भेट. माझंच मला! चोर तो चोर, वर शिरजोर. ह्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि दाढेबद्दल विचारलं. दाढेबद्दल!

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही रोप दिलंत, मान्य. पण रात्रंदिवस सांभाळलं कोणी?"

मी म्हटलं, "पाळणाघरात मूल ठेवलं तर ते बाईंच्या नावावर होतं का?"

चहा संपवून उठले. कलम मी ठेवून घेतलं. त्यावरचा नावाचा पुठ्ठा परत दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

मधमाशी!!

आज बैठकीत माझी तक्रार मांडली. चांगली मांडली, अध्यक्षबाईसुद्धा मान हलवत होत्या. मग दातवाला उठला. किती गोड बोलतो हा माणूस – भूल देऊन मग सुई टोचायची सवयच ना! म्हणाला, "ताई, आई पिवळी, बाप पांढरा. मग हे जांभळं वलय आलं कुठून? तुम्ही लावलेले पराग फुकट गेले असणार. मधमाशीने दुसरेच आणून लावले."

सगळे हसले. मी हसले नाही. मंडळाचा नियम आहे की पराग कुणा माणसाने लावलेच नसतील, तर ज्याच्याकडे पहिलं फूल उमललं त्याने नाव ठेवायचं. अध्यक्षबाईंनी पुढच्या रविवारी निकाल ठेवलाय. "काही सांगायचं असेल तर तोवर आणा," म्हणाल्या.

काय आणू? मधमाशीची साक्ष?

२४ फेब्रुवारी

मी फूल उमलायच्या आधी त्याचे पुंकेसर काढते. वर कागदी टोपी घालते. मधमाशी काय टोपी काढून, नमस्कार करून आत गेली? वेड्यांचा बाजार!

जेवताना हे एकदम म्हणाले, "मधमाशी नसेलही." एवढंच. मग भात कालवत बसले. मी म्हटलं, हे मला नका सांगू, तिकडे चारचौघांत सांगा! चारचौघांत ह्यांची बोबडी वळते. लग्नात नाव घ्यायचं तर घसा बसला होता.

२६ फेब्रुवारी

गच्चीत पिवळीसमोर बसून राहिले. खरं लिहायचं तर मलाही पडलाय तो प्रश्न. वलय आलं कुठून? पांढरीच्या आजोळी कुणी जांभळं असेलही, जास्वंदीच्या रक्ताचा भरवसा नाही. पण इतकं ठसठशीत?

आणि समजा लागली असेल मधमाशी. मग हे सगळं भांडण मी कुणाच्या जिवावर केलं? नाही. दोरा माझा होता. गाठ होती. मी बघितली होती.

१ मार्च

उद्या जायचंच नाही असं ठरवलं. तासाभराने परत ठरवलं, जायचं. हरायचं तर त्याच्या तोंडावर हरू. हे म्हणाले, "मीही येतो." का, ते विचारलं नाही. आले तर आले, निदान पिशवी धरतील.

२ मार्च, रविवार

अध्यक्षबाई निकाल सांगणार इतक्यात हे उभे राहिले. कानाच्या पाळ्या लालभडक. म्हणाले, "मधमाशी नव्हती. मी होतो."

मग सांगू लागले – हिची चारही फुलं ही लेकीकडे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी गळून पडली. एवढी जपून लावलेली, मला बघवेना. हिच्यासारखेच पिवळीच्या नव्या कळीचे पुंकेसर काढले, टोपी घातली, टाकीजवळच्या धुरकट झाडाचे पराग लावले. दोरा हिचाच उचलून बांधला. परत आल्यावर बोंड बघून ही इतकी खूश झाली की सांगायचं राहून गेलं – असं सगळं खाली बघत बोलले.

दातवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग फूल तुमचं. नाव काय ठेवायचं?"

"नाव हिच्या अक्काचंच ठेवा," हे म्हणाले. "मला फक्त गच्चीत येऊ द्या म्हणावं."

सगळे हसले. मला मान वर करता आली नाही.