तांबडी अर्धलीनं दिली

सो. ४ फेब्रु. ७४, दापोडी
सकाळी डालगं उचललं तर काळी कोंबडी मरून पडलेली. काल संध्याकाळी चांगली दाणे टिपत होती. मान वाकडी नाही, जखम नाही, काही नाही. हे म्हणाले, मुंगूस असेल. मुंगूस काय नुसतं बघून जातं?

मं. ५
आज कोंबडा आणि ठिपक्यांची. कोंबडा माझ्या डोळ्यांदेखत बसला, पंख पसरले, संपला. ह्यांनी सेकंड शिफ्टला जाताना सायकलवर पोतं टाकून नदीकडे नेऊन पुरलं. गल्लीत मी सांगितलं, पाहुणे होते, कापल्या. रोग आला म्हटलं की बायका नळावर जगू देत नाहीत. आता तांबडी तलंग तेवढी उरली, अजून अंड्यावर न आलेली.

बु. ६
तांबडी शेजारच्या कमलला दिली. अर्धलीनं, म्हणजे सांभाळायची तिनं, अंडी-पिल्लं निम्मी निम्मी. दिवाळीपासून मागे लागली होती, मीच हात आखडत होते. आज आपण होऊन नेऊन दिली.
कमल लातूरकडची, नवरा ह्यांच्याच कंपनीत. गेल्या साली तिचं तान्हं पोर गेलं. तेव्हापासून आमची बेबी दिवसभर तिच्याच कडेवर असते. इतकी हरखली! चहा केला, बेबीच्या तोंडात गूळ घातला. "ताई, जिवावानी सांभाळते."
मनात होतं, इथून हलली तर जगेल. खरं लिहायचं तर, मेली तर निदान माझ्या दारात नाही. शी.

गु. ७, ह्यांची सुट्टी
सांगितल्यावर भडकले. "तिच्या तीन कोंबड्यांत सोडलीस? डोकं फिरलंय का तुझं?" परत आणते म्हटलं. भिंतीवरून पाहिलं, तांबडी ठणठणीत, कमल तिला हातावर दाणे चारतेय. काय सांगून आणू? नाही गेले.

श. ९
तांबडी गेली.

सो. ११
कमलच्या तिन्ही गेल्या. माहेराहून एसटीत मांडीवर पाटी धरून आणलेल्या. शेवटची पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात चालत गेली. डॉक्टर म्हणाले, मानमोडीचा रोग वाटत नाही, विष खाल्ल्यासारखंही नाही, सांगता येत नाही. आजूबाजूला आणखी कुणाच्या मेल्यात का, विचारा.
तशीच माझ्या दारात. "ताई, तुमच्याकडं काई झालं नव्हतं नव्हं?"
"नाही गं."
किती पटकन निघालं तोंडातून! डॉक्टरलाच कळलं नाही, मग माझ्यामुळेच कशावरून? दिवसभर हेच घोकतेय. स्वैपाकात लक्ष नाही, आमटी करपली.

बु. १३
कमल म्हणते, माहेरी गेले की तुम्हाला तलंग आणून देते, तुमची माझ्याकडं मेली. मी म्हटलं, राहू दे गं. झालं! नळावर सगळ्यांना सांगत सुटली, ताई एका शब्दानं बोलल्या न्हाईत मला. बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. बादली अर्धीच भरून घरी आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शु. १५
बेबी किरकिर करतेय. कमल येतच नाही. हाक मारली तर दारातच उभी राहिली. बेबीनं हात पसरले, तिनं स्वतःचे पदराआड घेतले.
"नगं ताई. माझ्या हाताला यशच न्हाई. आधी लेकरू, आता कोंबड्या. तुमच्या लेकीला कशाला हात लावू म्या?"
आणि मी काय बोलले? चहा घेतेस का.
ह्यांच्याशी बोलले नाही, जेवले नाही. तिच्या पोराचं नाव माझ्या खोट्याला जोडलं गेलंय.

र. १७
हे म्हणाले, आज तू कमलला खरं सांग, नाहीतर मी तिच्या नवऱ्याशी बोलतो. बेबीला घेऊन मीच गेले. कमल तांदूळ निवडत बसलेली.
"कमल, तुझ्या हाताचं काही नाही. ती तांबडी आधीच…"
"आधीच काय, ताई?"
इतकं साधं बघत होती. 
"आधीच म्हातारी होती गं."
तिचा हात थांबला. "म्हातारी? पयलं अंडं बी घातलं नव्हतं की तिनं."
 काय बोलून बसले मी, काय हे! बेबी तिच्याकडे झेपावायला लागली. कमल उठली, हात पुसले आणि बेबीला घेतलं. माझ्यावरची नजर काही काढेना.
"म्हंजे तुमच्या कोंबड्या बी मेल्याच, पाव्हण्यांनी खाल्ल्या नव्हत्या."
मी तिचे तांदूळ निवडायला घेतले.
"मला का दिली मग?"
उत्तर नव्हतं असं नाही. होतं. तेच तर सांगवेना.
"जावा तुमी," म्हणाली. "पोरगी राहू द्या."
दिवेलागण झाली. भिंतीपलीकडे बेबी हसतेय, कमलचा आवाज नाही. आणायला जायला हवं. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या.