पट एकशे अठरा

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या कागदावरच वाकता येतं). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींची शुगर आटोक्यात आहे ना? इकडे आम्ही सगळे अगदी मजेत. विशेष काही नाही, सहज तुझी आठवण आली म्हणून लिहायला बसलो.

मजेत म्हणजे, जेवण जात नाही आणि परवा मी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सावधान म्हणायचं सोडून 'एकशे अठरा' म्हणालो. बाकी ठीक. त्याचं असं झालं की शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. महिनाअखेरीस शाळेचा पट एकशे वीसच्या खाली असेल, तर शाळा बंद करून मुलांना महामार्गापलीकडच्या शाळेत पाठवणार. आमचा पट एकशे अठरा. तो रस्ता तू पाहिला आहेस. मीच तो ओलांडताना तुझा हात धरला होता (तू म्हणतेस, तू माझा धरला होतास). सहावी ते आठवीची आमची निम्मी मुलं पलीकडे जाणारच नाहीत, आणि घरी बसवताना पहिला नंबर मुलींचा लागेल. हे मी हेडमास्तर म्हणून बोलतोय असं समजू नकोस, मला खरोखरच भीती वाटते.

पत्राबरोबर अकरा पानी फॉर्म. मुलं किती, कुठून आली, घरी भाषा कोणती, पालक काय करतात, आणि शेवटी निकाल. माहिती मुलांनीच लिहून द्यावी असं मी ठरवलं, ही माझी पहिली चूक. एकाने वडिलांचा व्यवसाय 'वाट बघणे' असा लिहिला (टॅक्सी चालवतात, स्टँडवर नंबर लागत नाही). एका मुलीने घरच्या भाषा तीन लिहिल्या आणि खाली, 'आजीशी भांडताना चौथी'. सगळं मोजून एकूण भाषा नऊ निघाल्या. फॉर्ममध्ये चौकोन एकच.

मग तपासणीला साहेब आले. सातवीचं गणित उघडलं. एकतीसपैकी तेरा पास, बेचाळीस टक्के. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी बेचाळीसच. मी म्हणालो, "साहेब, यातली अकरा मुलं वर्षाच्या मधेच आली. बांधकाम संपलं की बिऱ्हाडं हलतात, दुसरी येतात. छेद म्हणजे काय हे मुलाला कळेपर्यंत त्याचं सामान टेम्पोत चढलेलं असतं. सुरुवातीपासून टिकलेल्या विसांपैकी बारा पास आहेत." साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी सगळी पानं दोनदा चाळली आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, टिकलेल्यांचा रकाना नाही हो फॉर्मात." आता तूच सांग, निकाल सांभाळायचा तर मधे येणाऱ्या मुलांना दार लावायचं, आणि दार लावलं की पट पडतो. आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, दार उघडंच ठेवू. निकालाचं मी बघते." आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आधी एक तास वर्ग घ्यायला लागल्या.

राहिली दोन मुलं. बाई आणि मी घरोघर फिरलो. कंबर त्यातच गेली, चौथ्या मजल्यावर (लिफ्ट बंद होती, आणि वर गेल्यावर कळलं की त्या घरातला मुलगा नोकरी करतो). शेवटी पोचलो टेलरबाईंकडे. त्यांची मुलगी यंदा सहावीत जायची, पण अजून कुठेच नाव घातलेलं नव्हतं. मी अर्धा तास बोललो. प्रयोगशाळा, वाचनालय, बाईंचा सकाळचा वर्ग. टेलरबाई तोंडात टाचण्या धरून ऐकत होत्या. मग एकेक टाचणी काढून ठेवली आणि विचारलं, "सर, तुमची मुलगी सातवीत ना? ती येते तुमच्या शाळेत?"

मी म्हणालो, "तिची बस जरा लवकर असते."

"म्हणजे नाही येत," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे, सर. त्या दुसऱ्या शाळेचा निळा गणवेश मीच शिवलाय तिचा. माझी पाठवते मी. पण आधी तुमची येऊ दे."

गणिताच्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर भिंत होती.

ताई, इतकी वर्षं मी लोकांना सांगतोय की आमची शाळा चांगली आहे. ते खोटं नव्हतं. पण माझ्या मुलीला मी तिथे घातलं नाही, हेही खोटं नव्हतं. घरी येऊन तुझ्या भाचीला विचारलं. ती म्हणाली, "चालेल की. तिथे तरी मला गणितात कुठे काय येतं?" (शंभरपैकी एकोणतीस. म्हणजे ती आली तर बत्तीसपैकी तेरा, बेचाळीसचे एक्केचाळीस टक्के. बापाच्या मनात आधी हे आलं, याची लाज वाटते.) तिच्या दाखल्याचा अर्ज मी भरून ठेवला आहे. ती आणि टेलरबाईंची मुलगी मिळून बरोबर एकशे वीस.

तर असं सगळं छान चाललं आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. अर्जावर आईचीही सही लागते. हिला मी अजून काही बोललेलो नाही. त्या शाळेतला प्रवेश हिने दोन वर्षं चकरा मारून मिळवला होता, हे तुला माहीत आहेच. ती तुझा शब्द मोडत नाही. तू सहज फोन केल्यासारखा फोन करून विषय काढशील का? पुढचा शुक्रवार शेवटचा दिवस आहे. गुरुवारी कर. मी त्या वेळी घरी नसेन.

ता. क. २. मी घाबरतो असं नाही.

ता. क. ३. आत्या, हे मी लिहितेय. बाबांनी पत्र पेटीत टाकायला दिलं, पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी आईला रविवारीच सगळं सांगितलं. ती आधी खूप चिडली, मग तिने बाबांच्या बॅगेतून अर्ज काढून सही करून परत ठेवला. बाबांनी अजून तो उघडून बघितलेला नाही. आई म्हणते, त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगू दे. रोज जेवताना ती त्यांच्याकडे नुसती बघते आणि ते पाणी मागतात. कालपर्यंत सात तांबे झाले. तू फोन करू नकोस.