केशरबाईंचा जबाब

कळवा,
ता. ९ मार्च २०२५

ती. आत्या हिस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्या नावाने कुरकुरते.

बातमी वाईट आहे. आमच्या शेजारच्या केशरबाईंचा प्रीतम डोंबिवलीला एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात कंत्राटावर बॉयलरवर होता. मंगळवारी तो बॉयलर फुटला. केशरबाई एकट्या, म्हणून मी त्यांच्यासोबत हॉस्पिटलात गेलेलो. ओळख पटेल असं काही राहिलेलंच नाही. डॉक्टर म्हणाले, आईचं रक्त घेऊन जुळवून बघावं लागेल, वेळ लागेल. केशरबाईंनी विचारलं, तोवर त्याच्याजवळ कोण बसणार? 

स्फोटात गेलेल्या बाकीच्यांचे नातेवाईकही शवागाराबाहेर बसलेले. कुणाला अर्ज लिहिता येईना, कुणाला मराठी येईना. मी अर्ज लिहिले, झेरॉक्स काढून आणल्या, हवालदाराशी बोललो. आता रोज जातो. नाहीतरी वर्षभर घरीच बसलोय. तू म्हणायचीस ना, बायोडाटा वाटत फिरू नको, लोकांच्या उपयोगी पड, काम तुला शोधत येईल. तिथे बसल्याबसल्या ते आठवलं आणि कसंतरीच झालं.

उत्तर लिही. माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझा,
सम्यक

---

कल्याण,
ता. १६ मार्च २०२५

चि. सम्यक यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ताट तसेच झाकून ठेवले. तुमच्याकडे आले की प्रीतम माझी पिशवी जिन्यावरून वर आणून द्यायचा. केशरबाईंना माझा निरोप सांग. काय सांगशील ते मात्र मलाही सुचत नाही.

कसंतरी वाटून घेण्याचे कारण नाही. वस्तीतल्या बायकांना मी सही करायला शिकवत असे. ते मुख्याध्यापकांच्या पत्नीने पाहिले आणि मला शाळेत बोलावणे आले. मी त्या बायकांना नोकरीसाठी शिकवत नव्हते, पण नोकरी मिळाली ती त्यामुळेच. त्यात लाज कसली? तू करतोस ते कर. फक्त अक्षर जरा सुधार. तुझे अर्ज वाचणाऱ्या साहेबांची मला कीव येते.

वेळेवर जेवत जा. कळव्याच्या बाजूला कान लावून बसले आहे, म्हणजे डोळे.
तुझी,
आत्या

---

कळवा,
ता. ६ एप्रिल २०२५

ती. आत्या हिस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं खरं झालं. मला नोकरी लागली!

कारखान्याचे मॅनेजर कमलेशसाहेब दोनतीनदा हॉस्पिटलात आलेले. त्यांनी बघितलं की कुणालाही काही अडलं की तो मलाच हाक मारतो. मला ऑफिसात बोलावून म्हणाले, लोक तुमचं ऐकतात, अशी माणसं आम्हाला हवीत. 'कर्मचारी कल्याण सहायक' असं पद आहे. गळ्यात कार्ड, बसायला टेबल. आईने चाळीत पेढे वाटले. प्रीतमचा रिपोर्ट येऊन त्याला आम्ही पोचवून आलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. मी आईला म्हटलं, केशरबाईंकडे नको देऊ. पण त्या स्वतःच आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, आपलं कोणीतरी आता आत आहे.

एकच अवघड काम आहे. बॉयलरचा वाफ सोडायचा व्हॉल्व्ह अडकतो, असं प्रीतम घरी बरेच दिवस सांगत होता. त्याने सुपरवायझरला सांगितलेलं, तर सुपरवायझरने गप काम कर म्हणून हाकलून दिलं. केशरबाईंना हे पोलिसांत सांगायचंय. साहेब म्हणतात, त्या बोलल्या तर केस कोर्टात जाईल आणि सगळ्यांचीच भरपाई वर्षानुवर्षं अडकेल, तुम्हीच समजवा. तेही खरं असेल ना? उद्या बोलतो त्यांच्याशी.

तुझ्या आशीर्वादाने चाललंय, तो पाठीशी असू दे.
तुझा,
सम्यक

---

कल्याण,
ता. ११ एप्रिल २०२५

चि. सम्यक यास,
सप्रेम जयभीम.

पत्र आज हातात पडले. शेजारच्या सान्वीकडून तुला फोन लावून घेतला, तर तू उचलला नाहीस. केशरबाईंकडे जाऊ नकोस. गेला असशील तर आजच परत जा आणि सांगितलेले मागे घे.

अरे, लोक तुझे ऐकतात, कारण तू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलास. त्या साहेबाने तुला नाही, ते शेजारी बसणेच विकत घेतले आहे. इतके तुला कसे कळले नाही?

बाकी मजकूर सुचत नाही. लगेच उत्तर दे.
आत्या

---

कळवा,
ता. ४ मे २०२५

ती. आत्या हिस,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जाऊन आलेलो. परत गेलो नाही. तुला उत्तरही लिहिलं नाही.

मी केशरबाईंना सांगितलं, तुम्ही बोललात तर सगळ्यांचीच भरपाई अडकेल. त्या म्हणाल्या, तू सांगतोस तर तसंच करू. पोलिसांत त्यांनी सांगितलं, मला काही माहीत नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीने आपलं म्हणणं दिलं. प्रीतमला ड्युटीवर झोप लागली, त्याने वाफ सोडली नाही, म्हणून स्फोट झाला. पेपरात नावासकट आलं. ज्यांच्यासोबत केशरबाई शवागाराबाहेर बसलेल्या, त्यातली एक बाई चाळीत येऊन ओरडून गेली की तुझ्या पोराने माझा नवरा मारला. मी घरातच होतो. दाराबाहेर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी कमलेशसाहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, मेलेल्या माणसाचं काय नुकसान होणार? तुम्ही काम छान करताय, जूनपासून तुम्हाला पर्मनंट करतो. मी कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सरळ केशरबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलेलं, त्या मारतील. त्यांनी चपला घातल्या आणि पोलिसांत चल म्हणाल्या.

इन्स्पेक्टरने विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत, आता कोणी शिकवून पाठवलं का? केशरबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, ते याला विचारा. मग मी बोललो. मला कोणी पाठवलेलं, मी काय म्हणालो, सगळं. दोघांचेही जबाब लिहून घेतले. चौकशीत जोडतील म्हणाले, पुढचं सांगता येत नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, घरी सोडतो. त्या म्हणाल्या, रस्ता मला माहीत आहे.

बाकीचे लोक आता माझा फोन घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, माझ्यामुळे त्यांची भरपाई अडकली. आई पेढ्यांविषयी बोलत नाही, कशाविषयीच बोलत नाही.

लोभ असू दे, असं आज लिहिवत नाही.
सम्यक

---

कल्याण,
ता. ८ मे २०२५

चि. सम्यक यास,
सप्रेम जयभीम.

रविवारी येते. आधी केशरबाईंकडे जाईन, मग तुमच्याकडे. तुझ्या वतीने त्यांना एक शब्दही सांगणार नाही, तशी आशा ठेवू नकोस. त्या बोलल्या नाहीत तर नुसती बसेन. चौकशीच्या तारखांना त्यांच्यासोबत कोणीतरी जायला हवे. तू नको असशील तर मी जाईन. मला ऐकू येत नाही, पण शेजारी बसता येते.

तुला बोलावतील तेव्हा तू जायचेस आणि दिलेला जबाब प्रत्येक वेळी तसाच द्यायचास. साहेब गोड बोलो वा धमकावो. नोकरीचे आत्ता बोलू नये.

तुझ्यावर राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही घेऊन येते.
आत्या