तीन महिन्यांची नळी

आबा, तुमच्यावर राग काढायलाच आज बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मला ते जमत नाही. डिंडोलीच्या घरात आई अजून तुमच्या फोटोला हार घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, डॉक्टरनं मारलं त्यांना. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाते. डॉक्टरने नाही मारलं, आबा. तुमच्या हेकटपणाने मारलं.

चौऱ्याण्णवला शहरात प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुमच्या पित्ताशयात खडे, त्यात पू झालेला, अंगात ताप, आणि हृदय इतकं कमजोर की भूल सोसणार नाही. ऑपरेशन बाद. त्या तरुण डॉक्टरने तोंडातून दुर्बीण घालून प्लास्टिकची बारीक नळी पित्ताशयापर्यंत नेली आणि आत ठेवून दिली. स्टेंट म्हणाले तिला. आपल्या वस्तीत असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. दोन दिवसांत ताप उतरला. निघताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की नळी आतून तुंबत जाते, बदलावी लागेल, आणि ती किती वर्षं निर्धोक राहील हे त्यांनाही ठाऊक नाही. "त्रण महिने पाछा आवजो, काका. दुखे के न दुखे." तीन महिन्यांनी परत यायचं, दुखो वा न दुखो, यावर तुम्ही मान डोलावलीत. मी शेजारीच उभी होते. घरी येऊन मात्र आईला सांगितलंत, जन्माची काळजी मिटली.

तुम्ही बमरोलीच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करायचात. मागाचा आवाज जरा बदलला की हातातला घास ठेवून धावायचात. नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी बजावायचात, "चालती मशीनले हात लावाना नही." कापड नीट उतरतंय तोवर पाना उचलायचा नाही. मागाला ते ठीक. तुम्ही तोच नियम पोटाला लावलात. मी आठवण करून दिली की म्हणायचात, दुखतंय का मला? मग गप बस. बारावीनंतर मला घरी बसवलंत, तेव्हाही हेच. घर चालतंय ना नीट, मग कॉलेज कशाला?

नळी घातल्यापासून आठव्या महिन्यात थंडी वाजून ताप भरला. पोटाला हात लावू देत नव्हतात. नळी पार तुंबली होती. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

तुमच्या माघारी मी नर्सिंग शिकले. ऑपरेशन न झेपणाऱ्या लोकांच्या पोटात अशा नळ्या आता सर्रास घालतात, आणि त्यांना तपासणीला बोलावणं माझ्याकडे आहे. कुणाची नळी वर्षानुवर्षं कुरकुर न करता राहते, कुणाची तुंबते किंवा सरकते, आणि आधी काही कळवत नाही. फोनवर एखादे काका म्हणतात, बेन, कांई तकलीफ नथी, आणि माझा आवाज चढतो. त्या बिचाऱ्यांना वाटतं, ही बाई आपल्यावर का खेकसते. मी तुमच्यावर खेकसत असते.

हे मी आईलाही वाचून दाखवणार नाही. तुम्ही डॉक्टरकडे परत जायचं कधी मनातही आणलं नाहीत, असंच मी इतकी वर्षं सांगत आले. पण तीन महिने भरले त्या सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होतात. खाली बघत म्हणालात, "मन्हासंगे येशी का? एकलाले भेव वाटस." तुम्हाला एकट्याने जायची भीती वाटत होती, आणि कॉलेजचा राग माझ्या नाकावर होता. मी म्हटलं, मला काम आहे. तुम्ही शर्ट बदलून कारखान्यात निघून गेलात. आठवण करून द्यायला मी त्यानंतर लागले.

मला काही काम नव्हतं, आबा.