हवालदाराचं चित्र

३ मार्च

पांढऱ्या मांजरीचं चित्र संपलं एकदाचं! सुटले. पांढऱ्या मांजरांचा मला धसकाच असतो. मालकिणीला हवी असते बर्फासारखी, आणि नुसत्या पांढऱ्यात पांढरं किती घोळवणार? जरा निळं, जरा राखाडी घातलं की लगेच, "अहो, आमची मळकट दिसतेय." तरी उन्हात बसवून काढलीच. मालकीण दारातच रडली. आनंदानं! जमतं मला. का म्हणू नये?

माझ्या आवडीचं विचाराल तर पहिला मान म्हाताऱ्या कुत्र्यांचा. तोंडाशी पिकलेली, डोळ्यांत थोडा ढग उतरलेला, कुणाला काही दाखवून द्यायचं उरलेलं नाही अशी. पिल्लं नुसती गोड. गोडाचं चित्र होत नाही, कॅलेंडर होतं. मग कासवं. चेहऱ्यावर कायम 'कार्यालय बंद आहे' असा भाव. आणि पाळलेले बोकड! त्या आडव्या बाहुल्यांनी बघायला लागले की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं.

सोनेरी मासा एकदाच काढला. मालक म्हणे, "तो माझ्याकडे बघतोय असं काढा." काढलं. तेही जमवलं!

९ मार्च

दादाकडे जेवायला. दादाची चित्रं भिंतीएवढी, आणि त्यात माणूस सोडाच, माशीसुद्धा नसते. पाहुण्यांना माझी ओळख करून दिली: "ही आमची धाकटी. कुत्र्यामांजरांचे पासपोर्ट फोटो काढते." सगळे हसले. मीही हसले. मग म्हटलं, "दादा, माझी गिऱ्हाइकं निदान चित्र उलटं तरी टांगत नाहीत." ह्यांना ठसका लागला. वहिनी हसायला स्वयंपाकघरात पळाली!

घरी येताना मात्र गप्प होते. ह्यांनी विचारलं नाही. दातांच्या डॉक्टरला तोंड कधी उघडायला सांगू नये ते बरोबर कळतं.

१४ मार्च

आज एक बाई आल्या. पुढे कुत्रा, मागे त्या. इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहेत. जन्मापासून दिसत नाही. त्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं नाव हवालदार — काळा लॅब्रॅडोर, हनुवटी पांढरीशुभ्र. माझा पहिला मानकरी! जिन्यात मध्येच थांबला, श्वास घेतला, मग वर आला. सांधे गेलेत त्याचे. "आता त्याला कामावरून सोडवायचं आहे," म्हणाल्या. "त्याआधी चित्र हवं."

मी बोलून गेले, "पण तुम्हाला..." जीभ चावली.

"दिसणार नाही. बरोबर," त्या हसल्या. "फोटोला हात लावला की काच लागते. तुमचे रंग जाड असतात असं माझी एक पेशंट सांगत होती. बोटांना कळेल असा काढाल?"

"मग मूर्तीच का नाही करून घेत?"

"मूर्ती माझ्या एकटीची होईल हो. घरी माझी आई आहे, भाचरं आहेत. त्यांनाही तो भिंतीवर दिसायला हवा. त्यांचा आणि माझा एकच हवालदार पाहिजे."

हो म्हटलं. मागचापुढचा विचार न करता!

१५ मार्च

काय करून बसले मी!

२९ मार्च

जाड लेप, त्यावर रंग. लांबून बघितलं तर झकास. फिजिओबाईंना बोलावलं. त्यांनी बोटं फिरवली आणि थांबल्या.

"हे काय?"

"कान."

"कान? मला चप्पल वाटली."

तोंड कडू झालं. इतकी वर्षं कुत्री काढतेय मी! नंतर त्याच म्हणाल्या, "तुम्ही त्याला हात लावलाय का कधी?"

नव्हता. डोक्यावर थोपटलं होतं, तेवढंच. मग बसले जमिनीवर, डोळे मिटून. कानाची कड गार असते, मुळाशी ऊबदार. दोन डोळ्यांच्या मधे एक पन्हळ आहे — अंगठा बरोबर बसतो. छातीवर केसांचा भोवरा. उजव्या भुवईवर जुनी खाच. "सायकलवाला अंगावर आला होता," बाई म्हणाल्या. "हा मधे उभा राहिला. मला नुसता धक्का लागला."

यातलं बरंचसं मला दिसलं होतं. कळलं नव्हतं.

६ एप्रिल

पहिला कॅनव्हास खरवडून टाकला. ह्यांच्या दवाखान्यातली दात कोरायची जुनी हत्यारं ढापली. लेपात केस कोरायला यासारखं दुसरं काही नाही! ह्यांनी दारातून बघितलं. "भूल दिलीस ना त्याला?" म्हणाले.

१९ एप्रिल

नाक. नुसतं नाक. तिसऱ्यांदा.

२ मे

आज दाखवलं.

भोवऱ्यापासून सुरुवात केली त्यांनी. मग मान. मग कान, आधी कड, मग मूळ. पन्हळीत अंगठा ठेवला आणि तिथेच राहिल्या. बोटं भुवईवर गेली, खाच सापडली.

"अरे, हवालदार," हळूच म्हणाल्या, "हा तूच की रे!"

हवालदार उठला, चित्र हुंगलं आणि फटकन शिंकला. तेवढीच एक टीका!

लिहून ठेवते, वहीशिवाय कुणाला सांगायचं? आजवर एवढं चांगलं काम मी केलं नव्हतं. लांबून बघणाऱ्यालाही तो तोच, आणि बोटांनाही तोच. मी केलं. मी!

१७ जून

कलादालनाच्या व्यवस्थापकांनी चित्र प्रदर्शनात मागितलंय. दादाचं जिथे लागतं, त्याच मोठ्या दालनात. फिजिओबाई म्हणाल्या, "देते. पण लोकांनी हात लावला पाहिजे." व्यवस्थापक म्हणाले, अशक्य, भिंतीवर 'हात लावू नये' अशी पाटीच आहे. मी म्हटलं, मग पाटी काढा, नाहीतर चित्र विसरा. फोन ठेवला. मीच ठेवला!

तासाभरात त्यांचाच फोन आला. त्या भिंतीवरची पाटी काढताहेत.

५ जुलै

प्रदर्शनाचा पहिला दिवस. रांग! माझ्या चित्रापुढे रांग! लोक आधी चोरट्यासारखे हात पुढे करतात, मग काढवत नाही. एक आजोबा नुसते कान धरून उभे राहिले. मागच्यांनी घाई केली नाही.

दादा आला. मी खांबाआड. त्यानं डोळे मिटले, दोन्ही हातांनी चेहरा चाचपला. बराच वेळ. मग व्यवस्थापकांकडे वळून म्हणाला, "माझी बहीण आहे." एवढंच. पासपोर्टही नाही!

वहिनीनं मला कोपरखळी मारली. डोळे तिचेही ओले.

२८ जुलै

हवालदार निवृत्त. बाई काठी घेऊन कामावर जातात. तो दाराशी झोपतो म्हणे, पट्टा वाजला तरच मान उचलतो. चित्र परत त्यांच्या भिंतीवर, हाताच्या उंचीवर.

१२ नोव्हेंबर

हवालदार गेला. झोपेत. बाईंनी फोन केला.

८ मार्च

फिजिओबाई आल्या. चित्र काखेत, हातात काठी. नाक पार झिजलंय — रंग गेला, लेप गेला, खालचं कापड दिसतंय. रोजच्या बोटांनी! "पुन्हा कराल?" म्हणाल्या. मी कोरायचं हत्यार हातात घेतलं आणि जुने फोटो शोधायला उठले. त्यांनी माझं मनगट धरलं, हत्यारासकट, आणि कॅनव्हासवर नेलं. "डावीकडे," म्हणाल्या. "अजून थोडं." मी हात सैल सोडला.